गंगाजळी : आकडा आणि आधार



तंजावर जिल्ह्यातील पापनाशम येथे मंदिराच्या आवारात, नायक राजवटीत सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेले विटांचे भव्य धान्यकोठार आहे. कावेरीच्या सुपीक त्रिभुज प्रदेशातही कोठाराची गरज भासावी, यातच साठ्याचे अर्थशास्त्र आहे. पीक दरवर्षी सारखे येत नाही. भूक मात्र रोजची असते.

परकीय चलनाच्या गंगाजळीचे कार्यही हेच. निर्यात घटली, तेल महागले किंवा भांडवल परतले, तरी अत्यावश्यक आयात आणि कर्जफेड चालू राहावी, यासाठी ती असते. म्हणून ती केवळ डॉलरमध्ये मोजून भागत नाही. किती महिन्यांची आयात भागेल आणि वर्षभरात फेडावयाच्या परकीय कर्जाला ती पुरेल काय, हे पाहावे लागते.

१९९० च्या आखाती संकटानंतर तेल महागले, अनिवासी भारतीयांच्या ठेवी बाहेर जाऊ लागल्या आणि अल्पमुदतीची कर्जे मिळेनाशी झाली. १९९१ च्या मध्यास भारताची गंगाजळी जेमतेम काही आठवड्यांच्या आयातीपुरती उरली. जुलैमध्ये सुमारे ४७ टन सोने परदेशी तारण ठेवावे लागले.

पाल्कच्या सामुद्रधुनीपलीकडे श्रीलंकेवर याहून कठीण प्रसंग आला. २०१९ मधील करकपात आणि २०२० पासून कोसळलेले पर्यटन यांमुळे तिजोरी व गंगाजळी दोन्ही आटली. २०२१ मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर बंदी आली. डॉलर वाचविणे हाही तिचा एक हेतू मानला जातो. परिणामी भाताचे पीक घटले आणि खतावर वाचलेले चलन तांदळाच्या आयातीवर खर्चावे लागले. १२ एप्रिल २०२२ रोजी त्या देशाने परकीय कर्जफेड स्थगित केली. सप्टेंबरमध्ये महागाईचा दर सुमारे ७० टक्क्यांवर गेला. धक्का राष्ट्राला बसतो. त्याची सर्वाधिक किंमत मात्र मजुरी करणारे कुटुंब मोजते.

साठा बाळगण्यासही किंमत पडते. गरीब देश महाग व्याजाने कर्ज घेतात आणि गंगाजळी श्रीमंत देशांच्या कमी व्याजाच्या रोख्यांत ठेवतात. तरीही ती टाळता येत नाही. प्रश्न आहे तो साठ्याच्या उगमाचा. निर्यातीतून कमावलेले चलन हे स्वतःच्या शेतातले धान्य. अल्पमुदतीच्या भांडवलाने आलेले चलन हे उसने धान्य. उसनवारी करणारा नेमका दुष्काळातच दाराशी येतो.

म्हणून गंगाजळीचा आकडा वाचताना त्याशेजारी चालू खात्यावरील तूट आणि अल्पमुदतीचे कर्ज हे दोन आकडे अवश्य मांडा. उत्तर त्या तिघांच्या नात्यात आहे.