पडद्यावरची गाडी आणि डोंगरातली गाडी

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



आरती झाल्यावर आणि प्रसाद मिळण्याआधी भाषणाला उभे राहणे हे मोठे धाडसाचे काम आहे. तेव्हा फार वेळ घेणार नाही. विषयही सहलीचाच आहे.

दिवाळीच्या आधी मंडळाची सहल काढायची असे ठरले आहे. पण कुठे, यावर दोन तट पडले आहेत. तरुण मंडळींनी शूटिंग झालेल्या ठिकाणांची यादी केली आहे. त्यांना बस करून एका दिवसात पाच-सहा ठिकाणे उरकायची आहेत. ज्येष्ठांचे म्हणणे, शिमल्याची छोटी गाडी हाताशी असताना बस कशाला? मला दोन्हीची हौस आहे, म्हणून सचिवांनी मला मध्ये उभे केले. लवादाने कुणाचीच बाजू घेऊ नये म्हणतात. पण शेवटी मी एक बाजू घेणार आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

आधी सिनेमाच्या जागांबद्दल. ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’ हा १९९५ सालचा चित्रपट पाहिला नाही असे या मंडपात कुणी नसेल. शेवटी पंजाबातल्या स्टेशनवर गाडी सुटते आणि नायिका धावत येते. आपल्या पंजाबी शेजाऱ्यांना ते स्टेशन आपलेच वाटते. प्रत्यक्षात ते आहे आपल्या रायगड जिल्ह्यात! पनवेल-रोहा मार्गावरचे आपटा. म्हणजे पंजाबातले स्टेशन पाहायला पंजाबच्या राजधानीतून निघून कोकणात जायचे.

आशुतोष गोवारीकरांचा ‘स्वदेस’ २००४ सालचा. त्यातले चरणपूर हे गाव कथेत उत्तर प्रदेशात आहे. पण ते घाट, ती नदी आणि ते वाडे आपल्या वाईजवळच्या मेणवलीचे, कृष्णाकाठचे. नाना फडणविसांचा वाडा तिथेच आहे. ‘चेन्नई एक्सप्रेस’मधल्या तमिळ गावासाठीही वाईचाच आधार घेतला गेला. उलट ‘रंग दे बसंती’ची गोष्ट दिल्लीच्या मुलांची, पण ती मुले ज्या पडक्या किल्ल्यात जमतात तो आपल्याजवळ, लुधियानाच्या वाटेवर दोराह्याला आहे. आणि तो किल्लाही नव्हे, मोगलांच्या काळची सराई आहे. १९६९ च्या ‘आराधना’त नायक दार्जिलिंगच्या छोट्या गाडीशेजारून जीपमधून गात जातो आणि नायिका खिडकीत बसलेली दिसते. जीप खरोखर दार्जिलिंगची, नायिकेचा डबा मात्र मुंबईच्या स्टुडिओतला.

ही फसवणूक आहे असे मी म्हणणार नाही. आपण दरवर्षी पुठ्ठा आणि कापसातून कैलास उभा करतोच की! लोक देखावा पाहतात आणि हात जोडतात. त्यामागे आठ रात्री जागलेली पोरे कुणाला दिसत नाहीत, आणि दिसू नयेत अशीच मांडणी असते. पण जो कार्यकर्ता आहे त्याने तरी पडद्यामागे डोकवावे. सहलीलाही हेच लागू आहे, असे माझे मत आहे.

आता वाफेच्या इंजिनाकडे वळू. आपल्या हरियाणात रेवाडीला १८९३ साली बांधलेली वाफेच्या इंजिनांची शेड आजही आहे. १८५५ सालचे ‘फेअरी क्वीन’ हे जगातल्या सर्वांत जुन्या चालत्या इंजिनांपैकी एक. त्याची देखभाल इथे होत आली आहे. इथलेच ‘अकबर’ नावाचे इंजिन म्हणजे एक नटच म्हणायचा. चित्तरंजनच्या कारखान्यात १९६५ साली ते तयार झाले आणि ‘गदर’, ‘रंग दे बसंती’, ‘भाग मिल्खा भाग’ अशा कितीतरी चित्रपटांत चमकले. त्याला मानधन मिळाले की नाही ते रेल्वेलाच ठाऊक.

पण यातले दोन चित्रपट आठवून पाहा. ‘गदर’ आणि ‘भाग मिल्खा भाग’. दोन्हींत १९४७ ची फाळणी आहे. आपल्या मराठी मनात वाफेची गाडी म्हणजे मामाचा गाव, उन्हाळ्याची सुट्टी, डोळ्यांत जाणारी कोळशाची कुसळे. इथल्या ज्येष्ठ पंजाबी माणसाच्या मनात तीच काळी गाडी वेगळी आहे. छपरापर्यंत माणसे भरून ती आली. काही गाड्यांतून तर जिवंत माणूस उतरलाच नाही. आपले हे चंदीगड शहर तरी का वसले? लाहोर पलीकडे गेले आणि पूर्व पंजाबला राजधानी उरली नाही, म्हणून. ज्या रस्त्यांवरून आपण मिरवणूक नेतो ते रस्ते त्या तुटलेपणातून आले आहेत. तेव्हा शेजारच्या आजोबांना आपण कौतुकाने ‘वाफेच्या गाडीत बसायला जातो’ असे सांगितले आणि ते गप्प झाले, तर त्याचा अर्थ आपल्याला कळला पाहिजे. इतकी वर्षे या मातीचे मीठ खाल्ल्यावर एवढे तरी आपण शिकायलाच हवे.

आता डोंगरातली गाडी. पिंजोरची बाग ओलांडली की कालका. तिथून शिमल्यापर्यंत ९६ किलोमीटर. रुळांमधले अंतर फक्त अडीच फूट. ९ नोव्हेंबर १९०३ रोजी हा मार्ग सुरू झाला. कालका समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटर आणि शिमला दोन हजारांच्या वर. म्हणजे ही गाडी चौदाशे मीटर चढते, तेही दात्यांच्या रुळाची मदत न घेता, नुसत्या चाकांच्या पकडीवर. बोगदे १०२, पूल आठशेच्या वर, वळणे नऊशेच्या वर. युनेस्कोने दार्जिलिंगला १९९९ मध्ये, निलगिरीला २००५ मध्ये आणि आपल्या या मार्गाला २००८ मध्ये जागतिक वारशाचा मान दिला. आपल्या नेरळ-माथेरानची गाडी १९०७ ची, म्हणजे हिची धाकटी बहीण. तिला एकच बोगदा. त्याला पडलेले नाव सर्वांना ठाऊक आहे, बाप्पासमोर मी ते उच्चारत नाही!

हे आकडे पाठ्यपुस्तकात मिळतात. माणसे मिळत नाहीत. बडोगचा बोगदा या मार्गावरचा सर्वांत लांब, ११०० मीटरहून अधिक. त्याची कथा इथे घरोघरी सांगतात. बडोग नावाच्या इंग्रज अभियंत्याने डोंगर दोन्ही बाजूंनी पोखरायला घेतला, पण दोन्ही तोंडे जुळली नाहीत. सरकारने त्याला एक रुपया दंड केला. दंड एक रुपयाचा, पण अपमान मोठा. त्याने जीव दिला, असे सांगतात. पुढे भलकू नावाच्या चैलजवळच्या एका साध्या पहाडी माणसाने काठीने खडक ठोकून, आवाज ऐकून वाट दाखवली आणि हॅरिंग्टन साहेबाने नवा बोगदा पुरा केला. यात इतिहास किती आणि लोककथा किती, हे बाजूला ठेवू. पण स्टेशनला नाव मिळाले ते बडोगचे. भलकूचे नाव शिमल्यातल्या रेल्वे संग्रहालयाला मिळाले, तेही शंभर वर्षांनी, २०११ साली. आणि ज्या हजारो मजुरांनी टोपलीने दगड वाहिले त्यांची नावे कुठेच नाहीत.

रोजच्या गाड्या आता डिझेलवर चालतात. पण शिमल्याच्या शेडमध्ये ‘केसी ५२०’ हे शंभरी ओलांडलेले, ग्लासगोला तयार झालेले वाफेचे इंजिन जपलेले आहे. कुणी खास भाड्याने घेतले की ते शिमला ते कैथलीघाट अशी बावीस किलोमीटरची फेरी करते. हे इंजिन बटण दाबून सुरू होत नाही, मंडळी. गाडी निघायच्या कितीतरी तास आधी भट्टी पेटवावी लागते. पाणी हळूहळू तापवायचे, घाई केली तर बॉयलरला धोका. वाफेचा दाब चढला की मग तेलपाणी. रूळ ओले असतील तर चाकाखाली वाळू सोडायची. चढावर फायरमनचे फावडे थांबत नाही आणि त्याचा एक डोळा सतत पाण्याच्या काचेवर असतो. आपण बाहेर फोटो काढत असतो तेव्हा आत दोन माणसे घामाने निथळत असतात. ही विद्या पुस्तकात कमी आणि हातात जास्त आहे. हात म्हातारे झाले आणि नवे हात तयार झाले नाहीत, तर इंजिन उरेल पण चालणार नाही. मग ते चौथऱ्यावर रंग देऊन उभे करायचे, एवढेच उरते.

आणखी एक माणूस सिनेमात कधी दिसत नाही. तो म्हणजे गँगमन. हातोडा आणि पाना घेऊन रोज आपल्या हद्दीतला रूळ पायी तपासतो. पावसाळ्यात रात्री कंदील घेऊन गस्त घालतो. ऑगस्ट २०२३ मध्ये शिमल्याच्या समरहिलला डोंगर कोसळला. शिवमंदिरातले भाविक त्यात गेले. रुळांखालची माती वाहून गेली आणि रूळ झोपाळ्यासारखे हवेत लोंबकळत राहिले. तो फोटो आपण सर्वांनी पाहिला, एकमेकांना पाठवला. नंतर त्याच दरीवर काम करून पुन्हा गाडी चालू करणाऱ्यांचा फोटो किती जणांनी पाहिला?

म्हणून माझी सूचना अशी. तरुण मित्रांनो, रागावू नका. पाच ठिकाणे पळत पाहण्यापेक्षा एक वाट सावकाश पाहू. खास वाफेची गाडी भाड्याने घेणे आपल्या वर्गणीला झेपणारे नाही, तो नाद सोडू. सकाळची साधी गाडी धरू. आरक्षण वेळेवर करू. बडोगला उतरू, शिमल्याला शेडमधले इंजिन आणि भलकूच्या नावाचे संग्रहालय पाहू. शूटिंगच्या जागा हव्यात ना? शिमलाभर आहेत. १९६० च्या ‘लव्ह इन शिमला’पासून ‘ब्लॅक’ आणि ‘जब वी मेट’पर्यंत.

अटी तीनच. रुळावर उभे राहून फोटो नाही. खिडकीतून एकही कागद, एकही बाटली बाहेर नाही. चिवड्याच्या पिशव्या घरी परत आणायच्या. आणि प्रत्येक मुलाने तिथे काम करणाऱ्या एका तरी माणसाला, त्याच्या कामात अडथळा न आणता, विचारायचे की काका, तुमचे काम काय? त्याने सांगितलेले चार ओळींत लिहून आणायचे. पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत नटनट्यांच्या फोटोंऐवजी ती पाने छापू. संपादक मंडळींनी मान डोलावली आहे, तुम्ही साक्षीदार आहात.

आणि सहलीहून आल्यावर शेजारच्या त्या आजोबांकडे जरूर जा. गाडीचे कौतुक सांगण्याआधी त्यांना विचारा, ‘तुम्ही कोणत्या गाडीने आलात?’ ते बोलले तर ऐका. नाही बोलले तर नुसते बसा.

प्रसादाचा वास इथपर्यंत आला आहे, तेव्हा आता गाडी स्टेशनात घेतो. 

गणपती बाप्पा मोरया!