दुकानाची वही कुठे असते?



शाळेच्या कार्यक्रमात नाच थांबवून भाषण ऐकायचं म्हणजे शिक्षाच. त्यात विम्याचा माणूस पाहुणा, म्हणजे आता पॉलिसी गळ्यात मारणार, अशी मागच्या रांगेत कुजबुज चालली आहे. घाबरू नका, आज मी सुट्टीवर आहे; बोलणार ते आगीबद्दल.

आपल्या कापसाच्या मुलखात आगीची ओळख करून द्यायला नको. कापसातला एखादा खडा जिनिंगच्या लोखंडावर घासला, ठिणगी उडाली, की संपलं. वरून विझलेली गंजी आतून धुमसतच राहते.

मी सांगतो ती गोष्ट मात्र पुण्याची. २६ मार्च २०२१, शुक्रवारची रात्र. कॅम्पातल्या फॅशन स्ट्रीटवर कपड्या-चपलांची चिंचोळी दुकानं, एकाला एक खेटून. शेकडो दुकानांचा कोळसा झाला. आगीत कुणी दगावलं नाही. पण ती विझवून घरी निघालेले छावणी मंडळाच्या अग्निशमन दलाचे प्रमुख वाटेत अपघातात गेले. पुढच्या दहा दिवसांत करोनामुळे राज्यातली बहुतेक दुकानंच बंद झाली. माल जळतो, ठोक व्यापाऱ्याची उधारी जळत नाही. तरी लोकांनी राख उपसली आणि तिथंच पुन्हा दुकानं मांडली. आजही तिथं घासाघीस चालते.

याला जिद्द म्हणून टाळ्या वाजवता येतात. मला तेवढ्यानं भागत नाही. जिद्दीच्या माणसालाही कुणीतरी पुन्हा माल द्यावा लागतो, आणि तो मिळतो हिशेब चोख असलेल्यालाच.

हिशेबावरून आठवीच्या पोरांना विम्याचं एक गणित. दुकानात १० लाखांचा माल. हप्ता वाचवायला बाबांनी ५ लाखांचाच विमा उतरवला. ४ लाखांचा माल जळाला. किती मिळतील? चार? नाही, दोन! निम्मा विमा, निम्मी भरपाई. हा नियम भलेभले व्यापारी दुकान जळाल्यावर शिकतात. पुण्याच्या आगीनंतर आठवड्याच्या आतच, १ एप्रिल २०२१ पासून, छोट्या धंद्यांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही पॉलिसी आली. तीत १५ टक्क्यांपर्यंत कमी पडलेला विमा चालवून घेतात, निम्मा नाही. घ्या, पॉलिसीचं नाव निघालंच!

आणि विमा असला तरी कंपनीचा सर्व्हेअर राखेत उभा राहून आधी विचारतो, खरेदीची बिलं कुठे, स्टॉकची वही कुठे? ती बहुधा गल्ल्याखालीच जळालेली असते. तेव्हा ज्यांच्या घरी दुकान, गिरणी, टपरी असेल त्यांनी आज रात्री बिलांचे, वहीचे फोटो काढून मामाच्या मोबाइलवर पाठवायचे. बाबा ओरडले तर माझं नाव सांगा.

चला, बक्षिसं आणा.