आडत्याची पट्टी आणि मोबाइलमधले रकाने

निर्णा आणि आसपासच्या गावांत तूर विकली की आडत्याची पट्टी घरात जपून ठेवतात. वडीलधाऱ्यांना मोबाइलवर स्प्रेडशीट शिकवायची असेल, तर याच पट्टीपासून सुरुवात करा. हिशेब त्यांना येतोच, नवं आहे ते यंत्र. आणि मोबाइल त्यांच्याच हातात राहू द्या. तुम्ही भराभर करून दाखवलंत तर काम होतं, शिकणं राहून जातं.

रकाने चारच करा: तारीख, वजन, भाव, रक्कम. समजा तूर ६ क्विंटल ४० किलो, म्हणजे ६.४० आहे आणि भाव २०२५-२६चा हमीभाव, म्हणजे क्विंटलला ८,००० रुपये. रकमेच्या घरात बरोबरचं चिन्ह द्यायचं, वजनाच्या घरावर बोट ठेवायचं, गुणाकाराची तारका, मग भावाचं घर. उत्तर येतं ५१,२००. पण आधी आजोबांना तोंडी हिशेब करू द्या. दोन्ही उत्तरं जुळली की यंत्रावर त्यांचा विश्वास बसतो. आता भाव ७,५०० करा. रक्कम आपोआप ४८,००० होते. एक आकडा बदलला की सगळं खोडून पुन्हा मांडायचं, हाच त्रास हार्वर्डमधल्या डॅन ब्रिकलिन या विद्यार्थ्याला फळ्यावरच्या तक्त्यात दिसला होता. त्यातूनच १९७९ साली व्हिसिकॅल्क हे स्प्रेडशीट आलं.

अडतं कुठे, तेही सांगते. घरात '५०० रुपये' असं लिहिलं की यंत्र त्याला अक्षरं समजतं आणि बेरजेत धरत नाही. नुसता आकडा लिहा. मराठी कळफलकावरच्या आकड्यांचंही बऱ्याचदा असंच होतं, म्हणून आकडे इंग्रजी आणि नावं खुशाल मराठी ठेवा. ६ क्विंटल ५ किलो म्हणजे ६.०५, इथे ६.५ लिहिलं तर ४५ किलो तूर फुकट वाढते. अशी चूक जुन्या माणसांच्या नजरेतून सुटत नाही, म्हणून तपासणी त्यांच्याकडेच द्या.

बँकेचा पिन किंवा पासवर्ड मात्र या तक्त्यात कधीही लिहू नका.

आजींसाठी गोळ्यांचा तक्ता करा. ३० गोळ्या, रोज २, म्हणजे १५ दिवस. सुरुवातीच्या तारखेत १५ मिळवले की गोळ्या कधी संपणार ते कळतं. त्याआधीच हुमनाबादला जाणाऱ्या कुणाकडे औषधाची चिठ्ठी देता येते.