शरीरातील प्रावरणी आणि उभ्याने करावयाचे काम



कामगार चळवळीतला माणूस शरीरशास्त्रावर बोलणार, याचे काहींना नवल वाटले असेल. पण कामगाराजवळ भांडवल म्हणून असते ते शरीरच. त्याचा हिशेब आम्ही ठेवायचा नाही, तर कोणी ठेवायचा?

इंग्रजीत जिला 'फॅसिआ' म्हणतात, तिला आपल्या शास्त्रीय परिभाषेत 'प्रावरणी' असे नाव आहे. नागपूरकरांना ती समजावयास एक संत्रे पुरे. साल काढली की पांढरे तंतू लागतात, प्रत्येक फोडीला पापुद्रा असतो, आणि फोडीच्या आत रसाच्या कणाकणाला आपली पिशवी असते. शरीरातही तसेच. कातडीखाली एक थर, स्नायूभोवती दुसरा, स्नायूतल्या जुड्यांभोवती तिसरा आणि एकेका तंतूभोवती शेवटचा. मटण साफ करताना खाटीक जो चिवट पांढरा पापुद्रा सोलून टाकतो, तो यातलाच.

शवविच्छेदन करणारेही तो पिढ्यान्‌पिढ्या बाजूला सारीत आले. त्यांना पाहावयाचे असत ते स्नायू आणि नसा. या विषयाची पहिली जागतिक संशोधन परिषद बोस्टनला भरली, ती २००७ साली! आता कळते की हे नुसते वेष्टण नाही. एका स्नायूचा जोर शेजारच्या स्नायूला ते पोचविते. त्याचे थर एकमेकांवरून सरकतात. मधे हायलुरोनन नावाचे वंगण असते. आणि त्यात मज्जातंतूंची टोके असल्यामुळे ते दुखतेही.

तळपायात टाचेपासून बोटांपर्यंत अशीच एक जाड पट्टी ताणलेली असते. पायाची कमान सावरण्याचे काम तिचे. तासन्‌तास कठीण फरशीवर उभे राहिले की ताण तिच्यावर येतो, आणि सकाळी अंथरुणातून उठताना पहिल्याच पावलाला टाचेत कळ येते. कंबरेतही अशी मोठी प्रावरणी आहे. जुनी कंबरदुखी असणाऱ्यांत तिचे थर सुमारे २० टक्के कमी सरकतात, असे २०११ साली अमेरिकेतील हेलेन लँजेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले. यात कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे मात्र त्यावरून ठरत नाही.

या नागपुरात १८७७ पासून २००२ पर्यंत एम्प्रेस मिल चालली. तिथल्या मागांवर उभ्याने पाळ्या करणाऱ्यांची मुले-नातवंडे आज दुकानांत आणि मॉलमध्ये उभी आहेत. मिल गेली, उभे राहणे गेले नाही. "टाच दुखते" म्हणणाऱ्याला आम्ही आळशी ठरविताना ऐकले आहे. त्या मुकादमाला आमचे उत्तर एवढेच, की ही तक्रार मनाची नाही, मांसाभोवतीच्या पापुद्र्याची आहे.

१९४८ च्या कारखाना कायद्याच्या ४४ व्या कलमाने उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसण्याची सोय सांगितली होती. दुकानांतील नोकरांसाठी केरळाने २०१८ साली आणि तामिळनाडूने २०२१ साली तसा कायदा केला. एक स्टूल आणि मधूनमधून चार पावले चालण्याची मुभा, एवढेच मागणे आहे. ते कोणी दयेने द्यावे असे आम्ही म्हणत नाही. मालक यंत्राला वेळेवर तेल देतो. माणसाच्या शरीरातले वंगण हालचालीने आणि विश्रांतीने टिकते, हे त्याने ध्यानात घ्यावे, आणि आपण ते त्याच्या ध्यानात आणून द्यावे.