पोराला रानही शिकवा



जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात महादेव कोळी आणि ठाकर पिढ्यान्‌पिढ्या राहतात. रान हीच त्यांची पहिली शाळा. बाळहिरडा कधी काढायचा? आत आठळी धरण्याआधी. मग उन्हात चांगला वाळवायचा. झाडाची फांदी मात्र मोडायची नाही. मोडली, तर पुढच्या साली हिरडा कुठून येणार? भारंगीची भाजी कडू. ती उकडून पाणी टाकून द्यायचं. हे सारं आजीला ठाऊक. नातवाला ठाऊक आहे का?

पोरं आश्रमशाळेत जातात. जावीतच! पण सुट्टीत घरी आली, की त्यांना रानात न्या. झाडं दाखवा. हातानं काम करू द्या.

शेजारच्या अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे बघा. त्या शाळेत गेल्या नाहीत. पण गावठी बियाणं त्यांनी जपलं, वाढवलं. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

तुम्ही तर आता लिहायला शिकलात. एक वही करा. भाजीचं नाव, महिना, रांधायची रीत आजीला विचारून लिहा. पोराकडून ती वाचून घ्या. आजी आहे तोवर विचारा. मागून कोण सांगणार?