तेजाबाचे पाणी कोणाच्या माथी?

विटा-खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातून निघालेला गलाई कामगार देशभरच्या सराफपेठांत जुने दागिने गाळतो. नायट्रिक आम्लात विरघळलेली चांदी तांब्याच्या पत्र्याने परत मिळवली, की मागे निळे पाणी उरते. चुना घातल्याने त्यातील आम्ल मरते. तांबे मात्र गाळात बसते. तो गाळ गटाराचा नव्हे, उकिरड्याचाही नव्हे. २०१६च्या घातक कचरा नियमांप्रमाणे त्याची जागा बुटीबोरीसारख्या प्रक्रिया केंद्रात. पण बार्शीटाकळीहून दहा लिटरचा डबा घेऊन एकटा कारागीर नागपूरकडे जाणार कसा? वर्गात ज्याला मी ‘बाह्य खर्च’ म्हणत असे, तो येथे शेजारच्या विहिरीवर आणि तांबूस धूर ओढणाऱ्या त्याच्या फुप्फुसांवर पडतो. नफा पेढीचा, तेव्हा सामाईक पिंप आणि वाहतूक यांचा खर्चही पेढ्यांनीच उचलावा, ही मागणी आपण सराफांपुढे ठेवली पाहिजे.