‘इन्कम्बंट’ : पदावर भार की पदाचा भार?

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



संमेलनात ‘दोन शब्द’ बोलावे अशी आम्हांस आज्ञा झाली. आम्ही त्यांतील एक शब्द शिल्लक ठेवून एकाच शब्दाविषयी बोलणार आहोत. तो शब्द इंग्रजी असला तरी आपल्याला अगदीच परका नाही. निवडणुकीचा हंगाम आला की ‘अँटी-इन्कम्बन्सी’ या नावाने तो वृत्तपत्रांतून रोज आपल्या घरी येतो. त्यातील मूळ शब्द ‘इन्कम्बंट’. सध्या एखादे पद धारण करणारा, हा त्याचा रूढ अर्थ. मराठीत आपण ‘विद्यमान’ असे म्हणून काम भागवितो. विद्यमान आमदार, विद्यमान अध्यक्ष, इत्यादी. परंतु ‘विद्यमान’ हा शब्द संस्कृत ‘विद्’ धातूपासून निघालेला असून ‘जो आढळतो, जो आहे’ एवढेच तो सांगतो. गृहस्थ पदावर आहेत, इतकी वर्दी देऊन तो गप्प बसतो. इंग्रजी शब्द मात्र बराच बोलका आहे.

त्याचे मूळ लॅटिन ‘इन्कुम्बेरे’ या क्रियापदात आहे. ‘इन्’ म्हणजे वर, आणि ‘कुम्बेरे’ म्हणजे आडवे होणे, अंग टाकणे. तेव्हा ‘इन्कम्बंट’चा अक्षरशः अर्थ होतो, एखाद्या वस्तूवर अंग टाकून असलेला! हा अर्थ ऐकून आपणांपैकी काहींच्या मुखावर स्मित उमटलेले दिसते. पण घाई करू नये. अंग टाकणे हे नेहमी विश्रांतीसाठीच असते असे नाही. नावाडी वल्ह्यांवर अंग टाकून नाव ओढतो, त्यालाही रोमन लोक हेच क्रियापद लावीत. आणि एखाद्या कार्याला मनःपूर्वक वाहून घेणे, हाही त्याचा लॅटिनमधील चांगला रुळलेला अर्थ होता. गादीवर लोळणारा आणि वल्ह्यावर वाकलेला, दोघांनीही अंगाचा भार कशावर तरी टाकलेला असतो. पण एक निजतो आणि दुसऱ्यामुळे नाव पुढे जाते.

या शब्दाचे भाऊबंदही पाहण्यासारखे आहेत. ‘सक्कम्ब’, म्हणजे भाराखाली दबून हार खाणे, हा एक. निजण्याच्या खोलीला रोमन लोक जे नाव देत त्यातून आलेला ‘क्युबिकल’ हा दुसरा. आणि तिसरा ‘इन्क्युबेट’, म्हणजे अंडी उबविणे. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला ज्या पेटीत ठेवतात तिचे ‘इन्क्युबेटर’ हे नाव याचेच. आता गंमत पाहा. पद अडवून स्वस्थ बसलेल्या माणसाविषयी मराठी माणूस काय म्हणतो? ‘नुसती खुर्ची उबवतो आहे!’ लॅटिनचे एक अक्षरही न शिकता आपल्या भाषेने तेच चित्र रेखाटले. फरक इतकाच की, कोंबडीने उबविलेल्या अंड्यातून पिल्लू तरी निघते.

या कुळात नसलेला एक शब्द नावाच्या साम्यामुळे त्यात घुसू पाहतो. तो म्हणजे ‘एन्कम्ब्रन्स’. सातबाऱ्यावर ज्याला आपण ‘बोजा’ म्हणतो तो हा. त्याचे मूळ निराळे असून, अडथळा या अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दापासून तो आलेला आहे. तेव्हा पदाधिकारी आणि बोजा यांचे रक्ताचे नाते नाही. जडलेच, तर ते सहवासाने जडते.

रोमन लोक आपल्या अधिकाऱ्याला ‘इन्कम्बंट’ म्हणत नसत. हा उपयोग मध्ययुगातील धर्मपीठाचा. इंग्लंडात प्रत्येक परगण्याच्या चर्चला जमीन व दशमांश उत्पन्न जोडलेले असे. त्या वृत्तीला ‘बेनिफिस’ म्हणत, आणि ती धारण करणारा धर्मोपदेशक म्हणजे ‘इन्कम्बंट’. पंधराव्या शतकापासून इंग्रजीत हा शब्द याच अर्थाने आढळतो. इतर पदांना तो मागाहून लागला. ही वृत्ती बहुधा तहहयात असे. एकेका गृहस्थाकडे दोन-दोन, तीन-तीन वृत्ती असत. उत्पन्न त्याने खावे आणि प्रार्थना, बारसे, दफन ही कामे अल्प वेतनावर ठेवलेल्या साहाय्यकाने करावी, असा प्रकार सर्रास चाले. ट्रॉलप या कादंबरीकाराने 1857 साली प्रसिद्ध केलेल्या ‘बारचेस्टर टॉवर्स’मध्ये असा एक धर्मोपदेशक रंगविला आहे. घसा दुखतो या सबबीवर तो बारा वर्षे इटलीत सरोवराकाठी फुलपाखरे जमवीत राहतो, आणि उत्पन्न मात्र इंग्लंडातून बिनचूक पोहोचत असते! 1838 च्या कायद्याने अनेक वृत्ती एका हाती ठेवण्यावर निर्बंध आले. परंतु सत्तराव्या वर्षी निवृत्त व्हावे, असा सर्वसाधारण नियम होण्यास 1975 साल उजाडावे लागले.

आपल्याला यात हसण्याजोगे फारसे नाही. पद आणि उत्पन्न यांची गाठ मारून ती वंशपरंपरा चालविण्याची रीत वतनदारीच्या रूपाने आपल्याकडेही होती. परगणा व कुलकर्णी वतने 1950 च्या कायद्याने गेली, आणि मुलकी पाटीलकीचे पद 1962 च्या कायद्याने रद्द झाले. वतने कागदावरून गेली. मनांतून किती गेली, हे प्रत्येकाने आपापल्या संस्थेकडे पाहून ठरवावे.

आता या शब्दाची दुसरी बाजू. इंग्रजीत ‘इन्कम्बंट’ हे विशेषणही आहे, आणि तेथे चित्र उलटे होते. ‘हे करणे आमच्यावर इन्कम्बंट आहे’ असे इंग्रज म्हणतो, तेव्हा ते करणे आमचे कर्तव्य आहे असा त्याचा अर्थ. म्हणजे येथे माणूस पदावर टेकलेला नसून कर्तव्य माणसावर टेकलेले आहे. एकाच शब्दात दोन्ही भार! नाम म्हणून वापरला की माणसाचा भार पदावर. विशेषण म्हणून वापरला की पदाचा भार माणसावर.

मराठीने यांपैकी दुसरा भार जपला आहे. नवा अधिकारी ‘पदभार स्वीकारतो’, ‘कार्यभार हाती घेतो’. संस्था चालविणे म्हणजे ‘कारभार’ पाहणे. जिकडे तिकडे भार आहे, आणि तो उचलायचा आहे. हे शब्द आपण सहीपुरते वापरतो, पण त्यांत पदाची सबंध व्याख्या सामावलेली आहे. ज्याच्यावर पदाचा भार आहे तो कारभारी. ज्याचा भार पदावर आहे तो खुर्ची उबविणारा.

हे सर्व आज सांगण्याचे कारण उघड आहे. येत्या सर्वसाधारण सभेत आपल्या कार्यकारी मंडळाची मुदत संपत आहे. विद्यमान पदाधिकाऱ्यांनी वल्ह्यांवर वाकून ही नाव येथवर आणली, याबद्दल आमच्या मनात कृतज्ञताच आहे. परंतु बिनविरोध निवड ही नेहमीच ऐक्याची खूण नसते; पुष्कळदा ती सभासदांच्या आळसाची खूण असते. विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीचे नियम, देणगीदारांच्या अटी, वसतिगृहाचा हिशेब हे एक-दोन व्यक्तींच्या स्मरणातच राहिले, तर त्या व्यक्ती कितीही निःस्वार्थी असल्या तरी संस्था त्यांच्या आयुष्याला बांधली जाते. त्यांनी पद सोडले की दुसऱ्या दिवशी कपाटाची किल्ली सापडते, पण कपाटातील कागदांचा अर्थ सांगणारे कोणी उरत नाही. त्याचा फटका बसतो तो शिष्यवृत्तीची वाट पाहणाऱ्या गरजू मुलामुलींना.

म्हणून ज्येष्ठांना आमची विनंती, की पद सोडण्यापूर्वी एक वर्ष आपल्या शेजारी एखाद्या तरुणाला, एखाद्या भगिनीला बसवून घ्यावे आणि सर्व काम दाखवावे. तरुणांनाही तितकीच आग्रहाची विनंती आहे. ‘तीच तीच माणसे’ अशी कुरकुर मंडपाच्या मागील खुर्च्यांवरून करणे सोपे आहे. परंतु अर्ज भरण्याची वेळ आली की नोकरी, प्रवास, मुलांच्या परीक्षा आठवतात. भार उचलणारा दुसरा खांदा पुढे येत नाही, तोवर पहिल्याने तो सोडावा तरी कोठे?

शेवटी आणखी एका लॅटिन शब्दाचे स्मरण देतो. ‘मूनुस’ म्हणजे कर्तव्य, पदाचे काम. आणि देणगी असाही त्याचा अर्थ होतो. म्युनिसिपालिटी हा शब्द त्याच कुळातला. आपल्या समाजाला इंग्रजीत ‘कम्युनिटी’ म्हणतात, त्याचेही मूळ तेथेच आहे. कर्तव्यात जे एकमेकांचे वाटेकरी, त्यांचा समूह म्हणजे कम्युनिटी. केवळ आडनावे जुळली आणि सोयरिकी झाल्या म्हणून समाज होत नाही. भार वाटून घेतला म्हणजे होतो. तो वाटून घेण्याची सद्बुद्धी आपणां सर्वांस होवो, एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो.